रेषेवरून आत

रविवार, १५ जून २०२५. पहाटेचे पाच वाजून चाळीस मिनिटे. अड्यारमधील शाळेच्या फाटकाशी व्हॅन उभी होती आणि दहा मुली आत बसल्या होत्या. जानकीराम रावांनी एक पाय पायरीवर ठेवला आणि वर न चढताच तमिळमध्ये सांगितले, "सेल्वी आज आत खेळेल. दोन्ही डाव."

चेंडू फेकणारी नंदिनी म्हणाली, "मास्टर, आज? आज निवड आहे."

"म्हणून तर आज."

सेल्वीने मान वर केली नाही. ती बुटाची नाडी बांधत होती. तीच नाडी तिने तीन वेळा सोडून बांधली.

त्या दिवसाची हकीकत मी लिहितो आहे, कारण जानकीराम राव ती लिहिणार नाहीत. मी त्यांना एकेचाळीस वर्षे ओळखत होतो. संरक्षण खात्याच्या कारखान्यात मी तपासणी विभागात होतो. हातात आलेली वस्तू मोजायची आणि मापात नसेल तर परत पाठवायची, एवढेच माझे काम. ते यंत्रशाळेत होते आणि कारखान्याच्या हॉकी संघाला शिकवत. मी मूळचा साताऱ्याचा, ते तंजावरचे. पहिल्या भेटीत त्यांनी मला विचारले, "जेवण जाहलें कीं नाहीं?" एखादे जुने पत्र मोठ्याने वाचावे तशी त्यांची मराठी होती. पुढच्याच वाक्यात तीत तीन तमिळ शब्द आले. मला ती नीट कळायला सहा महिने लागले. माझी मराठी मात्र त्यांना शेवटपर्यंत उद्धट वाटत राहिली.

उंची बेताची. कपाळावर गोपीचंदनाची उभी रेघ. पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट आणि पांढरे कॅनव्हासचे बूट. मैदानावर ते शिटी वाजवीत नसत. शिटी ऐकणारा खेळाडू कानाने खेळतो आणि आपल्याला डोळ्याने खेळणारा हवा, असे त्यांचे म्हणणे. शाबासकी त्यांनी कोणाला दिल्याचे मला आठवत नाही. फारच समाधान झाले तर "परवाइल्लै" म्हणत, म्हणजे 'चालेल'. कारखान्याच्या संघाने एकदा मोठी ढाल जिंकली, तेव्हा सत्काराच्या भाषणातही ते एवढेच बोलले आणि खाली बसले.

लिहिण्याच्या बाबतीत त्यांचा एक कडक नियम होता. शाईच्या पेनाने, एकदाच. लिहिलेले खोडायचे नाही. बहिणीच्या मुलाच्या लग्नासाठी त्यांनी रजेचा अर्ज केला आणि बुधवारऐवजी मंगळवार लिहिला. चूक मीच दाखवली.

"दुरुस्त करा. साहेब काही म्हणायचे नाहीत."

"लिहिलं तें लिहिलं, निकम."

मंगळवारी ते मंगल कार्यालयात जाऊन आचाऱ्यांबरोबर भाजी चिरत बसले. बुधवारी, लग्नाच्या दिवशी, कामावर हजर. बहीण दोन वर्षे बोलली नाही. त्यांनी ते मुकाट सोसले.

निवृत्तीनंतर ते अड्यारला दोन खोल्यांच्या घरात राहायला आले. पत्नी आधीच गेली होती. शाळेने त्यांना मुलींची हॉकी शिकवायला बोलावले. पुढे शाळेने नवी इमारत बांधली, निम्मे मैदान गेले आणि हॉकी बंद पडली. एका तरुण शिक्षिकेने तिथे फ्लॅग फुटबॉल आणला. ती चार महिन्यांत दुसऱ्या नोकरीवर गेली. मागे राहिले ते अंड्याच्या आकाराचे चार चेंडू, कमरेला लावायच्या फितींचा एक गठ्ठा आणि इंग्रजी नियमांचे पुस्तक. सत्तरी ओलांडलेल्या जानकीराम रावांनी ते पुस्तक तीन आठवडे शब्दकोश शेजारी ठेवून वाचले. मग मला सांगितले, "हॉकीच आहे. काठी तेवढी गेली."

खेळ सोपा आहे. दोन्ही बाजूंना पाच-पाच खेळाडू. एकीने चेंडू फेकायचा, दुसरीने पळत जाऊन झेलायचा आणि पलीकडच्या टोकाकडे धावायचे. अंगाला धक्का द्यायचा नाही. कमरेची फीत ओढली गेली की धाव संपली. झेलणाऱ्यांपैकी काही अगदी बाहेर, रेषेजवळ उभ्या राहतात. एक आत, मधल्या गर्दीच्या तोंडाशी उभी राहते. त्या आतल्या जागेला स्लॉट म्हणतात. बाहेरचीच्या समोर रिकामी जागा असते आणि तिने पळायचे असते. आतलीच्या चहूबाजूंनी माणसे असतात. तिला कधी पळायचे आणि कधी पळायचे नाही, हे कळावे लागते.

सेल्वी कोवलमची. वडील नावेवर, आई मुत्तुलक्ष्मी मासे विकते. दहावीत असताना ती सकाळच्या बसने या शाळेत येऊ लागली. पहिल्याच दिवशी जानकीराम रावांनी तिला सरळ पळवले. निवृत्त झाल्यापासून मीही मैदानावर जाई; घड्याळ मी लावले होते. माझा आकडा पाहून त्यांनी तिला पुन्हा पळवले, कारण त्यांना वाटले माझा अंगठा चुकला. अंगठा चुकला नव्हता. त्या दिवसापासून ती बाहेर, रेषेवर. तीन वर्षे रेषेवर.

पहिले वर्ष ठीक गेले. मग समोरचे संघ शहाणे झाले. तिच्यावर दोन-दोन मुली ठेवू लागले, मैदानाची कडा ही तिसरी. सामन्यामागून सामने ती रिकाम्या हाताने पळत राहिली.

या वर्षी तिची बारावी झाली. शहरातल्या एका महाविद्यालयाने शब्द दिला होता. राज्य संघात आली तर फी माफ, वसतिगृह मोफत. नाही आली, तर पहिल्या जुलैपासून तिला किनाऱ्यावरील एका शीतगृहात कोळंबी सोलायला जायचे होते. तिथेही शब्द देऊन झाला होता.

एप्रिलमध्ये निवड समितीच्या बाईंचा फोन आला. जानकीराम रावांनी तो नेहमीप्रमाणे आवाज मोठा करून घेतला, म्हणून मीही ऐकला.

"मास्टर, बाहेर खेळणाऱ्या तीन चांगल्या मुली माझ्याकडे आहेत. मला हवी आहे ती आतली. तुमची सेल्वी आत चालेल का? पण विचारून काय उपयोग. गेल्या वर्षीचा तुमचाच कागद समोर आहे."

त्या कागदावर त्यांच्या अक्षरात लिहिले होते, 'वेग उत्तम. आत खेळण्यास अयोग्य.'

"लिहिलं आहे तेंच," जानकीराम राव म्हणाले आणि फोन ठेवला.

मी कारण विचारले. ते उत्तर देणार नाहीत असे वाटले होते. पण त्यांनी दिले. विशीत ते कारखान्याच्या संघात राइट आउट होते, उजव्या कडेचे. त्यांच्याइतके जलद कोणी नव्हते. निवडीच्या सामन्यात शिक्षकांनी त्यांना एकाएकी आतल्या जागेवर घेतले. ते प्रत्येक वेळी चेंडूच्या आधी पोहोचले. चेंडू मागे, ते पुढे. सामना गेला, निवडही गेली. तेव्हापासून त्यांचा सिद्धांत ठरला. वेगवान माणूस रेषेवर, आत सावकाश माणूस. पन्नास वर्षे तो त्यांनी पाळला आणि दुसऱ्यांना पाळायला लावला.

सेल्वीची निवड होणार नाही, हे तिच्या आईला तोंडी सांगणे योग्य, असे त्यांना वाटले. आम्ही बसने कोवलमला गेलो. नावा नुकत्याच लागल्या होत्या. वाळूवर लिलाव सुरू होता. बर्फाच्या पाट्या, पसरलेली जाळी, दलाल, कुत्री, ओरडा. जानकीराम राव आयुष्यात प्रथमच मासळीच्या बाजारात उभे होते. रुमाल नाकाला.

मुत्तुलक्ष्मी हसली. "मास्टर, रुमाल काढा. मेलेला मासा चावत नाही. आणि हे कोण, तुमचे पहारेकरी? यांना तरी एक वंजरम कापून देऊ?"

"मी खातो," मी म्हणालो. वंजरम म्हणजे आपली सुरमई.

"बघा! हे शहाणे."

जानकीराम रावांनी सांगायला तोंड उघडले आणि तसेच मिटले. ते माझ्या खांद्यावरून पाहत होते. सेल्वी नावेकडून येत होती. डोक्यावर ॲल्युमिनियमचे घमेले, काठोकाठ भरलेले. समोर लिलावाची गर्दी. ती धावत नव्हती, पण थांबतही नव्हती. बर्फाची गाडी आडवी आली तेव्हा तिने एक पाऊल लांबवले आणि गाडी पुढे जाऊ दिली. दोन दलालांमधून ती कडेने निघाली. एक कुत्रे पायात आले, ती जागच्या जागी वळली. मग मोकळी वाळू लागताच झपाट्याने वर. घमेले उतरवून परत खाली, पुन्हा भरून वर. जानकीराम राव तासभर उभे राहिले. रुमाल केव्हाच खिशात गेला होता.

"काय सांगायला आला होता मास्टर?" मुत्तुलक्ष्मीने विचारले.

"काही नाही. उद्या तिला एक रिकामी घागर घेऊन पाठव."

परतीच्या बसमध्ये त्यांनी आधी दोघांची तिकिटे काढली. मग म्हणाले, "निकम, मी तिला तीन वर्षं फक्त पळताना पाहिलं. थांबताना पाहिलंच नाही."

थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, "जोसेफ आठवतो?"

मला आठवत होता. कारखान्याचा डाव्या कडेचा खेळाडू, हरणासारखा. आत घ्या, म्हणून तो दोन वर्षे विनवीत होता. जानकीराम रावांनी घेतले नाही, आणि एक दिवस संघातूनच वगळला.

"आठवतो."



दुसऱ्या दिवशी मैदानावर शाळेच्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडलेल्या होत्या. वाकड्यातिकड्या, दोन हातांच्या अंतराने. सेल्वीने घरची हिरवी प्लॅस्टिकची घागर आणली होती. ती काठोकाठ भरून कमरेवर घ्यायची आणि खुर्च्यांमधून पलीकडे जायचे. इतर मुली खुर्च्यांच्या मधे फिरत राहणार आणि वाटेल तेव्हा आडव्या येणार.

"घड्याळ खिशात ठेवा, निकम. पट्टी आणा."

माझे काम बदलले. ती किती वेळात पोहोचली हे कोणी विचारीत नव्हते. घागरीत पाणी किती इंच उरले, ते मी मोजायचे. पहिल्या दिवशी निम्मी घागर मैदानावर गेली. नंदिनी ओरडली, "मास्टर, गवत पेरून घ्या, पाणी फुकट जातंय!" सेल्वीने उरलेले पाणी तिच्या अंगावर ओतले. जानकीराम रावांनी दोघींना दोन-दोन घागरी भरून आणायला लावल्या.

तिचा दोष लवकर ध्यानात आला. गर्दी दिसली की ती बाजारात सावकाश होत असे. मैदानात दिसली की वेग वाढवीत असे. मैदानात वेगच दाखवायचा, हे तिला आम्हीच शिकवले होते. जानकीराम राव रोज एकच शब्द म्हणत, "निदानम." म्हणजे दमाने. एप्रिल गेला, मे गेला. उन्हामुळे सराव पहाटे साडेपाचला सुरू होई. मेच्या अखेरीस माझी पट्टी काठापासून दोन बोटे खाली पाण्याला टेकली. मी आकडा सांगितला. त्यांनी स्वतः वाकून घागरीत पाहिले.

"परवाइल्लै."

सेल्वी घागर तिथेच ठेवून शाळेच्या भिंतीमागे गेली. परत आली तेव्हा तोंड धुतलेले होते.

आता पंधरा जूनकडे येतो. सामने अंबत्तूरच्या एका मैदानावर होते. पहिला सामना आम्ही सहज जिंकलो. त्यात सेल्वीला फारसे काही करावे लागले नाही. दुपारी अंतिम सामना. निवड समितीच्या बाई छत्रीखाली टेबल मांडून बसल्या होत्या. समोर कागदांची फाइल.

पहिला डाव वाईट गेला. सेल्वी आत उभी राहिली, चेंडू सुटताच सुसाट निघाली आणि चेंडूच्या पुढे गेली. एकदा नाही, तीनदा. तिसऱ्या वेळी चेंडू तिच्या पाठीला लागून खाली पडला. प्रेक्षकांत हशा झाला. समोरच्या संघाचा शिक्षक, चाळिशीचा गृहस्थ, आमच्याकडे पाहून मोठ्याने म्हणाला, "ओ मास्टर, एक्स्प्रेस गाडी गल्लीत घातली काय?"

मागून पालक ओरडू लागले. तिला बाहेर घ्या, रेषेवर घ्या. नंदिनी स्वतः धावत आली.

"मास्टर, एकदाच बाहेर पाठवा. मी लांब फेकते. ती घेईल. निदान तिचं नाव तरी होईल."

मलाही तेच वाटत होते. ते मी बोललोही. पन्नास वर्षांपूर्वी त्यांच्यावर जे गुदरले तेच माझ्या डोळ्यांसमोर मुलीवर गुदरत होते. त्यांनाही ते दिसत असले पाहिजे. हात पाठीमागे बांधलेले होते आणि बोटे पांढरी पडली होती.

"नाही," ते म्हणाले.

मध्यंतरात त्यांनी सेल्वीला बाजूला घेतले. मी पाण्याची बाटली घेऊन शेजारी होतो.

"भीती वाटते?"

"हो, मास्टर."

"कसली?"

"उशीर होईल असं वाटतं."

"तुला उशीर होणार नाही. देवानं ते तुझ्यात घातलंच नाही. तू उभी राहिलीस तरी त्यांच्या आधी पोहोचशील. आधी त्यांना जाऊ दे. मग तू जा."

दुसऱ्या डावात पहिल्याच फेकीला ती दोन पावले गेली आणि थांबली. समोरची मुलगी वेगाची वाट पाहत होती, ती तशीच मागे धावत गेली. मधे चार हात जागा मोकळी झाली. सेल्वीने चेंडू छातीशी घेतला, एकीला डावीकडून जाऊ दिले, दुसरीला उजवीकडून, आणि मग पळाली. तिच्या फितीला कोणाचा हात लागला नाही. मी सवयीने खिशातले घड्याळ बाहेर काढले होते. ते चालू करायचे राहिले.

त्यानंतर आणखी दोन वेळा तसेच घडले. सामना बरोबरीत आला आणि शेवटची फेक उरली. समोरच्या तिघी आता सेल्वीवरच डोळा ठेवून होत्या. ती गर्दीत शिरली, थांबली, चेंडू आल्यासारखे दोन्ही हात पुढे केले. तिघी तिच्याभोवती गोळा झाल्या. बाहेर रेषेवर आमची सर्वांत सावकाश मुलगी, कविता, एकटी उभी होती. नंदिनीने चेंडू तिला दिला. कविता अक्षरशः चालत टोकाला पोहोचली.

मुली मैदानात धावल्या. जानकीराम राव छत्रीकडे चालू लागले. मी मागोमाग गेलो.

बाई म्हणाल्या, "मास्टर, मुलगी मला हवी आहे. शेवटच्या वेळी चेंडूला हातही न लावता तिनं जे केलं, ते मला हवं आहे. पण एक अडचण आहे. समितीत आम्ही पाच जण. बाकीच्यांनी आज पाहिलेलं नाही. ते कागद पाहतील, आणि तुमचा कागद म्हणतो अयोग्य. तुमच्या सहीनं. नवा कागद जोडला तर विचारतील, खरा कोणता?"

"जुना द्या."

त्यांनी तो समोर ठेवला. जानकीराम रावांनी खिशातून पेन काढले. मी त्यांच्या शेजारी उभा होतो आणि एकेचाळीस वर्षांत जे पाहिले नव्हते ते पाहत होतो. त्यांनी 'आत खेळण्यास अयोग्य' या शब्दांवर एक आडवी रेघ ओढली. खाली लिहिले, 'वरील मत चुकीचे होते. चूक शिक्षकाची. खेळाडूची नाही. आत खेळण्यास योग्य.' आणि सही केली.

समोरच्या संघाचा शिक्षक तिथेच उभा होता. त्याने ते वाचले. हसला नाही. "मास्टर, असं कोणी लिहून देत नाही," तो म्हणाला.

"चूक जाहली. लिहायला नको?"

त्यांच्या बाजूला उभा असल्याचा मला अभिमान वाटला. एवढेच लिहितो.

बाईंनी फोनवर इतर चौघांशी बोलून घेतले. अर्ध्या तासाने निवडीचे पत्र मिळाले. महाविद्यालयात ते दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आत द्यायचे होते. सेल्वीने ते घामाने भिजलेल्या बनियनसकट पिशवीत कोंबले, आणि अड्यारला उतरून बाहेर काढले तेव्हा त्याचा चोळामोळा झालेला. ती रडकुंडीला आली.

"दे इकडे," जानकीराम राव म्हणाले. "उद्या आठाला माझ्या घरून घेऊन जा. बस आली बघ. आईला सांग, शीतगृहाला नाही म्हणून कळवायचं."

मी त्यांच्याबरोबर घरी गेलो. दुसऱ्या दिवशी मला साताऱ्याला निघायचे होते, पुतण्याच्या शेताच्या कामासाठी. मी परतलो ऑगस्टमध्ये. ते जुलैत गेले, झोपेत. म्हणून मला दिसलेले शेवटचे ते त्या संध्याकाळचे.

त्यांनी बूट काढले, हात धुतले, कोरडे पुसले. टेबलावर चादरीची चौपदरी घडी घातली. पत्र तिच्यावर पालथे ठेवून बोटांनी कोपरे सरळ केले. वर वर्तमानपत्राचा एक कागद. इस्त्री कमी आचेवर लावली आणि हाताच्या पालथ्या बाजूने अंदाज घेतला. मग ती एकदाच, सावकाश, वरून खाली फिरवली. वर्तमानपत्र उचलून पत्र उलटून पाहिले. सह्या पसरल्या नव्हत्या. पत्र प्लॅस्टिकच्या पिशवीत सरकवले, दाराजवळच्या खिळ्याला लावले, आणि इस्त्रीचे बटण बंद करून वायर भिंतीतून काढली.